चौसष्टपट वेगाने उतरलेला आवाज

बाजारातून विकत आणलेली गाण्याची कॅसेट आणि तेच गाणे एलपीवरून चांगल्या डेकवर निगुतीने उतरवून घेतलेली घरची कॅसेट शेजारी शेजारी वाजवली की घरची सरस ठरायची, असे ऐंशीच्या दशकातले कान असलेले श्रोते सांगत. विकतच्या कॅसेटवर सतार बोदी वाजे, ‘स’ आणि ‘श’ यांची धार गेलेली असे, तानपुऱ्याचा लांब सूर मधूनच किंचित डोले. यामागचे कारणही सर्वांना पाठ होते: कारखान्यात टेप भरधाव पळवून प्रती काढतात, मग आवाज बिघडणारच. हे स्पष्टीकरण इतके सोपे आहे की त्याची तपासणी सहसा कोणी करत नाही. ती केली तर असे दिसते की वेग हा या गुन्ह्यातला मुख्य आरोपी ठरत नाही. वेगाने एवढेच केले की चुकीला असलेली मोकळीक जवळजवळ संपवून टाकली. ज्यांनी त्यामुळे लागणारी काटेकोर शिस्त पाळली त्यांच्या प्रती चौसष्टपट वेगानेही उत्तम निघाल्या, आणि ज्यांनी पाळली नाही त्यांचे दोष टेपवर कायमचे कोरले गेले. हा भेद आज समजून घ्यायला हवा, कारण मराठीतले कितीतरी ध्वनिमुद्रण अशा प्रतींखेरीज कुठेच उरलेले नाही.

मुळात एवढी घाई कशासाठी? फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट लोकांपुढे ठेवली. लू ऑटेन्स यांच्या चमूने बेल्जियममधल्या हॅसेल्ट इथे घडवलेली ही वस्तू आधी बोलणे टिपण्यासाठी होती. संगीत तिच्यावर नंतर आले. टेपची रुंदी जेमतेम ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतली टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर पळते, म्हणजे कॅसेटच्या आठपट. त्या अरुंद पट्टीवर स्टिरिओसाठी चार ट्रॅक बसवायचे, दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे, प्रत्येक साधारण ०.६ मिलिमीटर रुंदीचा. आता एलपीशी तुलना करा. एलपी छापली जाते: तापवलेल्या विनाइलच्या गोळ्यावर दोन्हीकडून साचा दाबला की सुमारे अर्ध्या मिनिटात दोन्ही बाजू तयार. टेपला असा साचा नाही. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर हेडसमोरून जावाच लागतो. सी-६० कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच वेळी भरल्या तरी मूळ वेगाने एका प्रतीला ३० मिनिटे लागतात. १०,००० प्रतींसाठी एका यंत्राला ५,००० तास. हेच काम चौसष्टपट वेगाने केले तर एक प्रत २८ सेकंदांत उतरते आणि १०,००० प्रती एका यंत्रावर ७८ तासांत, दहा यंत्रांवर एका लांबलेल्या पाळीत निघतात. स्वस्त कॅसेटचा सगळा धंदा या भागाकारावर उभा होता.

कारखान्यात काम चाले ते असे. स्टुडिओच्या मास्टरवरून अर्धा किंवा एक इंच रुंदीच्या टेपवर एक ‘रनिंग मास्टर’ बनवत. त्यावर चारही ट्रॅक एकदमच असत; पहिल्या बाजूचे दोन सुलट, दुसऱ्या बाजूचे दोन उलट. म्हणजे दुसऱ्या बाजूचे गाणे या साऱ्या यंत्रणेतून शेवटाकडून सुरुवातीकडे प्रवास करी. या टेपची दोन टोके जोडून वेटोळे करत आणि ते रिळावर न गुंडाळता एका उथळ, पारदर्शक पेटीत सैल घड्यांनी सोडत. पेटीच्या एका तोंडाने टेप आत येई, दुसऱ्याने बाहेर पडे आणि गाणे न थांबता पुन्हा पुन्हा वाजत राही. तिथून निघालेला संकेत ‘स्लेव्ह’ म्हटल्या जाणाऱ्या रेकॉर्डिंग यंत्रांच्या रांगेला जाई. प्रत्येक स्लेव्हवर कॅसेटच्या रुंदीच्या कोऱ्या टेपचे मोठे उघडे रीळ, ज्याला धंद्यात पॅनकेक म्हणत. अडीच-तीन हजार मीटरच्या पॅनकेकवर सी-६० च्या तीसेक प्रती एकामागोमाग उतरत. दोन प्रतींच्या मध्ये कानाला ऐकू न येणारा खर्जातला खुणेचा सूर असे. पुढे लोडर यंत्र रिकाम्या कॅसेटमधली लीडर टेप बाहेर ओढी, कापी, भरलेल्या टेपला चिकटवी, वेगाने आत गुंडाळी, खुणेचा सूर आला की थांबून पुन्हा कापी आणि दुसरे टोक जोडी. या साखळीत कुठेही माणूस गाणे ऐकत नसे. पुढचा सगळा प्रश्न तिथून सुरू होतो.

आता भौतिकशास्त्राकडे वळू, कारण वेगावरचा आरोप तिथेच तपासता येतो. टेपवर आवाज साठतो तो चुंबकीय लहरींच्या रूपात, आणि टेपच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती लहरीची लांबी. १५ किलोहर्ट्झचा सूर कॅसेटच्या नेहमीच्या वेगाने भरला तर एका लहरीची लांबी येते ३.१७ मायक्रोमीटर, मिलिमीटरचा जेमतेम तीनशेवा भाग. चौसष्टपट वेगाने भरताना टेप सेकंदाला ३.०५ मीटर पळते, पण तो सूरही चौसष्टपट चढून ९६० किलोहर्ट्झ झालेला असतो. भागाकार करा: लांबी पुन्हा ३.१७ मायक्रोमीटरच. टेपवरच्या चुंबकीय कणांना आपल्यावरची लहर किती घाईने लिहिली गेली याचा पत्ता नसतो. दोन्ही टेपवर शेवटी जे उमटायचे ते तत्त्वतः एकसारखे असते. म्हणून ‘वेगामुळे टेप आवाज पकडू शकत नाही’ ही समजूत चुकीची आहे. अडचणी आहेत त्या टेपच्या आजूबाजूला, म्हणजे विद्युत परिपथांत, हेडच्या गाभ्यात, टेप आणि हेड यांच्यामधल्या हवेत आणि टेपला वाट दाखवणाऱ्या धातूच्या खुंट्यांत. यांतली प्रत्येक अडचण अवघड होती आणि प्रत्येकीवर उपाय सापडलेला होता.

विद्युत बाजू पाहा. माणसाला ऐकू येणारा २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा पट्टा चौसष्टपट झाला की १,२८० हर्ट्झ ते १२.८ लाख हर्ट्झ होतो. हे आता ध्वनीचे क्षेत्र राहिले नाही, हे रेडिओचे क्षेत्र आहे. ध्वनीसाठी बनवलेले अ‍ॅम्प्लिफायर इथे उपयोगी नाहीत. यंत्रांमधल्या वायरीसुद्धा टीव्हीचा संकेत नेताना घेतात तेवढ्या काळजीने निवडाव्या आणि जोडाव्या लागतात, नाहीतर वरची पट्टी वायरीतच झिजते. त्यात भर बायसची. टेपवर आवाज विकृती न होता उमटावा म्हणून त्याच्याबरोबर एक फार उच्च वारंवारतेचा प्रवाह मिसळावा लागतो. घरच्या डेकमध्ये तो १०० किलोहर्ट्झच्या आसपास असतो. तो सर्वांत वरच्या सुराच्या निदान पाचपट असावा असा संकेत आहे, म्हणजे इथे तो काही मेगाहर्ट्झ झाला. एवढ्या वारंवारतेला धातूच्या पातळ पत्र्यांचे हेड चालत नाहीत, कारण त्यांच्या गाभ्यात आवर्त प्रवाह उठून ऊर्जा तिथेच जळते. म्हणून फेराइटचे हेड आले. फेराइट वीज वाहू देत नाही आणि लवकर झिजतही नाही, पण तो ठिसूळ असतो. त्याच्या फटीची कड सूक्ष्म तुकडा पडून बोथट झाली की वरचे सूर गेलेच. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. मीडियम वेव्ह रेडिओ केंद्रे नेमकी याच पट्ट्यात प्रक्षेपण करतात. आकाशवाणी मुंबईचे ‘ब’ केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर. तेवढ्या वारंवारतेचा संकेत नीट न झाकलेल्या परिपथात शिरला, तर ६४ ने भागून कॅसेटवर ८.७ किलोहर्ट्झची बारीक, न थांबणारी शिट्टी होऊन बसेल. याउलट ज्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीने ध्वनिमुद्रक हैराण असतात ती इथे एका हर्ट्झच्याही खाली जाऊन ऐकू येईनाशी होते. सगळी गणितेच बदलतात. ती बदललेली आहेत हे ओळखून यंत्रे बांधणारे अभियंते होते आणि त्यांनी ती चांगली बांधली.

यांत्रिक बाजू अधिक निष्ठुर. रनिंग मास्टर सेकंदाला १९ सेंटिमीटर या वेगाने भरलेला असेल, तर चौसष्टपटीने तो सेकंदाला १२.२ मीटर पळतो, म्हणजे ताशी ४४ किलोमीटर. इतक्या वेगाने जाणारी टेप आपल्या पाठीपोटाशी हवा ओढून नेते. भर पावसात वेगात असलेल्या गाडीचे चाक रस्त्यावरच्या पाण्याच्या थरावर चढते, तशी टेप हवेच्या थरावर चढून हेडपासून सुटू पाहते. हे अंतर मायक्रोमीटरच्या हिशेबातले, पण त्याची किंमत भारी. वाजवताना होणारी घट हे अंतर आणि लहरीची लांबी यांच्या गुणोत्तरावर ठरते: टेप आणि हेड यांच्यात एकच मायक्रोमीटर फट राहिली तर ३.१७ मायक्रोमीटरची लहर सुमारे १७ डेसिबलने दबते, म्हणजे संकेत सातव्या भागावर येतो. मास्टर अधिक वेगाने का भरतात, त्याचे उत्तर इथे आहे. सेकंदाला १९ सेंटिमीटरच्या टेपवर तोच १५ किलोहर्ट्झचा सूर १२.७ मायक्रोमीटर लांब असतो, आणि तेवढ्याच फटीने त्याची घट ४.३ डेसिबलच होते. खर्च आणि वेग सांभाळण्यासाठी मास्टर निम्म्या वेगाने भरला की ही घट दुप्पट झाली. शिवाय हे वेटोळे सी-६० साठी जवळजवळ ३४३ मीटर लांब. दहा स्लेव्हवर १०,००० प्रती काढायच्या तर त्याला हेडवरून हजार फेऱ्या माराव्या लागतात. दर फेरीत थोडी घासण, थोडा ऑक्साइडचा भुगा, थोडी वरच्या सुरांची झीज. पेटीतल्या सैल घड्या एकमेकींवर घासून स्थिर विद्युत साठते आणि टेप टेपला चिकटते. म्हणून पाठीवर कार्बनचा वाहक लेप दिलेली टेप वापरावी लागते आणि खोलीतली हवा बांधून ठेवावी लागते. फार कोरडी झाली तर वीज साठते, फार दमट झाली तर टेप अडखळते. मुंबईच्या जुलैत आणि दिल्लीच्या मेमध्ये हे सांभाळणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकच करू शकेल.

पण सर्वांत जास्त कॅसेटी कशाने बिघडल्या असतील, तर माझ्या मते अ‍ॅझिमथने. हेडची फट टेपच्या प्रवासाशी बरोबर काटकोनात असायला हवी. ती जराशी कलली की ट्रॅकच्या वरच्या कडेला लहरीचा एक भाग आणि खालच्या कडेला दुसरा भाग एकाच वेळी वाचला जातो आणि ते एकमेकांना खोडतात. ०.६ मिलिमीटरचा ट्रॅक आणि ३.१७ मायक्रोमीटरची लहर घेऊन हिशेब केला तर १५ किलोहर्ट्झचा सूर पूर्ण नाहीसा व्हायला फक्त ०.३ अंशाचा कल पुरतो. त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त कल आला तरी पाच डेसिबल जातात. वेगाचा संबंध असा की भरधाव टेप मार्गदर्शक खुंट्यांमध्ये वरखाली झुलते, तिचा कल क्षणोक्षणी बदलू शकतो, आणि खुंटी जरा झिजली तर तो कायमचाच बदलतो. हा दोष टेपवर लिहिला जातो. घरच्या यंत्राचे हेड कितीही अचूक बसवलेले असो, टेपवरची लहरच तिरपी असेल तर तिला ते सरळ वाचू शकत नाही. पण लक्षात घ्या, अ‍ॅझिमथ बिघडायला वेग लागत नाही. दर पाळीला चाचणीची टेप लावून स्लेव्हचे हेड तपासणे आणि स्क्रू अचूक फिरवणे हे काम करणारा माणूस ठेवला तर दोष राहत नाही. तो माणूस वाचवला तर राहतो.

वेगाच्या चढउताराचे गणितही असेच उलटे वागते. टेप डोलू लागली की सूर डोलतो. आपले कान सेकंदाला चारेक वेळा होणाऱ्या डोलण्याला सर्वाधिक तिखट असतात. डुप्लिकेटर यंत्रात सेकंदाला २५६ वेळा होणारी कसलीशी थरथर, एखाद्या रोलरची किंवा बेअरिंगची, कारखान्यात कुणाला जाणवणारही नाही. कॅसेट घरी वाजली की ती ६४ ने भागून नेमकी सेकंदाला चार होते. टेप हेडवर घासताना उठणारी काही हजार हर्ट्झची कंपने उतरून ५०-६० हर्ट्झवर येतात आणि सुराला खरखरीत कड देतात. यात संगीताचा प्रकार फार महत्त्वाचा ठरतो. ढोलकी, कोरस, वाद्यवृंद यांत हा दोष लपतो. तानपुऱ्यावर लावलेला षड्ज, बासरीचा लांब स्वर, ख्यालातला ठेहराव यांत तो उघडा पडतो. आपल्या शास्त्रीय संगीताइतकी कडक परीक्षा कॅसेटच्या कारखान्याची क्वचितच दुसऱ्या संगीताने घेतली असेल.

यावर डॉल्बीची गुंतागुंत. डॉल्बी-बी भरताना मंद आवाजातले वरचे सूर चढवते आणि वाजवताना तेवढेच उतरवते, म्हणजे टेपची शूं कमी होते. पण ते किती उतरवायचे हे डॉल्बी समोर आलेल्या संकेताच्या पातळीवरून ठरवते. वाटेत अ‍ॅझिमथने किंवा झिजलेल्या मास्टरने वरचे सूर चार डेसिबलने कमी केले असतील, तर डॉल्बी त्यांना आणखी मंद समजून अधिकच दाबते. लहान दोष मोठा होऊन ऐकू येतो. ज्यांनी डॉल्बीचे बटण बंद करून कॅसेटी ऐकल्या त्यांच्या कानांचे म्हणणे बरोबर होते, दोष मात्र डॉल्बीचा नव्हता. बँग अँड ओलुफसेन आणि डॉल्बी यांच्या एचएक्स प्रो पद्धतीने एक वेगळी अडचण सोडवली. वरचे सूर जोरात असले की ते स्वतःच बायससारखे काम करतात आणि टेपला अति बायस होऊन सूर दबतात. एचएक्स प्रो क्षणाक्षणाला बायस कमीजास्त करून एकूण मात्रा स्थिर ठेवते. ती फक्त भरताना लागते, वाजवताना काहीच लागत नाही, म्हणून कारखान्यांना ती फारच सोयीची ठरली.

वेग निर्दोष होता याचा सर्वांत ठोस पुरावा १९९० च्या दशकात मिळाला. तेव्हा वेटोळ्याच्या पेटीच्या जागी ‘डिजिटल बिन’ आले: गाणे डिजिटल स्वरूपात इलेक्ट्रॉनिक स्मृतीत साठवायचे आणि तिथून चौसष्टपट किंवा अधिक वेगाने वाचून थेट स्लेव्हला द्यायचे. अर्ध्या तासाच्या चार ट्रॅकला सीडीच्या दर्जाने ६३५ मेगाबाइट लागत. त्या काळी एवढी स्मृती ही मोठी गुंतवणूक होती आणि ती सेकंदाला अठरा कोटी बिटच्या गतीने रिकामी करणे हेही सोपे काम नव्हते. स्लेव्ह तेच, टेप तीच, वेग तोच किंवा वाढलेला. तरीही प्रती स्पष्टपणे सुधारल्या. हजारावी प्रत पहिलीसारखीच निघू लागली. वेग हाच रोग असता तर मास्टर बदलून तो बरा झाला नसता. त्याआधी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल कंपनीने एक्सडीआर नावाची पद्धत आणली होती. तिच्या कॅसेटींवर गाण्याच्या आधी आणि शेवटी सुरांची एक झपाट्याची मालिका ऐकू येते. तो चाचणीचा संकेत आहे: खर्जापासून वरपर्यंत कोणता सूर किती उरला हे मोजून प्रत ठेवायची की फेकायची हे त्यावरून ठरवता येते. १०,००० प्रती ऐकायला १०,००० तास लागतील, हे मान्य करून केलेला हा प्रामाणिक उपाय होता. तपासणीचा खर्च जिथे हिशेबात धरला गेला, तिथे भरधाव प्रतही चांगली निघाली.

यावर एक रास्त आक्षेप असा की मूळ वेगाने काढलेल्या प्रती तरीही सरस होत्या. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी कंपनीने ऐंशीच्या दशकात नाकामिची डेकवर मूळ वेगाने कॅसेटी भरल्या आणि जाणकारांनी त्या नावाजल्या. हे खरे आहे. पण त्या कॅसेटींची टेप उत्तम होती, मास्टर जवळचा होता, डेक निवडक होते आणि किंमत त्या मानाने होती. यातून वेग वेगळा काढून दाखवता येत नाही. मूळ वेगाने मोठी संख्या गाठायची तर शेकडो डेक लागतात, आणि शेकडो डेक म्हणजे शेकडो हेड, शेकडो अ‍ॅझिमथ, शेकडो मोटारी. त्या साऱ्यांची निगा राखणे दहा स्लेव्हच्या निगेपेक्षा कठीण. मूळ वेगात चुकीला मोकळीक जास्त, एवढे मी मान्य करतो. दुसरा आक्षेप असा की ऐकणाऱ्याकडे साधा टू-इन-वन असायचा, त्यात हा सगळा फरक कुठे कळणार? पण दोष एकमेकांत मिसळून पुसले जात नाहीत, ते साठत जातात. टेप एका दिशेला कललेली आणि हेड दुसऱ्या दिशेला, तर दोन्हींची बेरीज कानावर येते. स्वस्त यंत्राच्या श्रोत्याला अचूक भरलेल्या कॅसेटची गरज अधिक होती, कारण त्याच्याकडे सवलत मुळातच थोडी होती.

भारतात हा प्रश्न तंत्रज्ञानापेक्षा अर्थकारणाचा झाला. एलपीच्या काळात ध्वनिमुद्रणाची सूत्रे एचएमव्हीकडे म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाकडे होती. कॅसेटने तो किल्ला फोडला. गुलशन कुमार यांची सुपर कॅसेट्स म्हणजे टी-सिरीज १९८३ मध्ये उभी राहिली, त्याच सुमारास असंख्य लहान उत्पादक आले, आणि चोरट्या प्रतींचा सुळसुळाट इतका वाढला की १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात शिक्षा कडक करावी लागली. पीटर मॅन्युअल यांनी उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिले. महाराष्ट्रातही तोच प्रवाह होता. पोवाडे, भारुडे, गोंधळ, कीर्तने, वग, भीमगीते, कोळीगीते हे सारे घराघरांत गेले ते कॅसेटवर. मोठ्या कंपनीने ज्यांची एलपी कधी काढली नसती त्यांचा आवाज गावाच्या जत्रेत विकला जाऊ लागला, आणि हे मला कॅसेटचे सर्वांत मोठे देणे वाटते. पण याच स्वस्ताईत आवाजाचा बळी गेला. लहान उत्पादकाला वेटोळ्याची यंत्रणा परवडत नसे. त्याच्याकडे कॅसेटवरून कॅसेट काढणारे टेबलावरचे यंत्र असे, बहुधा सोळापट वेगाचे. त्यात मास्टर स्वतःच कॅसेट, म्हणजे ३.१७ मायक्रोमीटरची तीच नाजूक लहर वाचून तशीच पुन्हा लिहायची, आणि टेपला वाट दाखवणार स्वस्त प्लास्टिकचे कवच. वेग चौथाई, तरी आवाज अधिक वाईट. माझ्या मुद्द्याला यापेक्षा चांगली साक्ष कोणती? बोलण्याचे काम त्यातूनही भागले. पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन कॅसेटवर घरोघर ऐकले गेले. बोलण्याचा अर्थ चार-पाच किलोहर्ट्झच्या खालीच बहुतांश सामावलेला असतो, म्हणून शब्द सहसा तगतात. संगीताला ती सवलत नसते.

हे सगळे आता इतिहासजमा झाले, इंटरनेटवर सर्व काही मिळते, असे कोणी म्हणेल. लोकप्रिय गाण्यांपुरते ते बरोबर आहे. पण लहान उत्पादकांनी काढलेल्या शाहिरांच्या, कीर्तनकारांच्या, तमाशा फडांच्या ध्वनिमुद्रणांतले पुष्कळसे सीडीवर आलेच नाही, आणि मूळ मास्टर कुठे आहेत हे सांगायला ते उत्पादक आता उरलेले नाहीत. त्या आवाजांची एकमेव प्रत एखाद्या ट्रंकेतली विकतची कॅसेटच असू शकते. ती संगणकावर घेताना बहुतेक जण मिळेल त्या यंत्रात घालून वाजवतात, बोदा आवाज ऐकून ‘जुनी झाली’ म्हणतात आणि तसाच साठवतात. वर सांगितलेले खरे असेल, तर त्यातला बराच बोदेपणा वयाचा नसून अ‍ॅझिमथचा असतो, आणि अ‍ॅझिमथचे नुकसान टेपवरून पुसले गेलेले नसते. हेड टेपवरच्या कलाप्रमाणे कलवले तर हरवलेले सूर परत येतात.

म्हणून ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत त्यांना माझी विनंती आहे. आधी लीडरचा जोड पाहा. तीस-चाळीस वर्षांत त्याचा डिंक वाळतो आणि जोराने रिवाइंड करताना टेप सुटते. आतली दाबगादी जागेवर आहे का पाहा. मग दोन्ही चॅनेल मोनोत एकत्र करून ‘स’ आणि ‘श’ ऐकत जाणत्या माणसाकडून हेडचा स्क्रू हलकेच फिरवून घ्या. आवाज जिथे सर्वांत स्वच्छ होईल ती त्या टेपची जागा. कारखान्यात दोन्ही बाजू एकाच हेडने एकाच फेरीत भरल्या गेल्या असल्याने एका बाजूला सापडलेला कल बहुधा दुसरीलाही लागू पडतो, तरी तपासून घ्या. डॉल्बीची खूण असेल तर अ‍ॅझिमथ जमल्यावरच डॉल्बी लावा, आधी नाही. ध्वनिसंग्राहकांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए अशा मुद्रणांसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवते. एमपीथ्री ऐकायला ठेवा, जतनाला ठेवू नका. आणि डिजिटल प्रत झाली तरी कॅसेट टाकू नका. उद्या कोणाकडे अधिक चांगले यंत्र आणि अधिक सवड असेल, आणि त्याला पुन्हा त्या टेपकडेच यावे लागेल.